सरकारला कोर्टात हरवणारे शिल्पकार अमरनाथ सहगल

अमरनाथ सहगल यांचा जन्म १९२२ चा, आज पाकिस्तानात असलेल्या कॅम्पबेलपूरचा. फाळणीनंतर ते दिल्लीत आले आणि शिल्पकार म्हणून नावारूपाला आले.

१९५७ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या भिंतीचं काम त्यांना दिलं. पाच वर्षं राबून त्यांनी ब्राँझचं भित्तिशिल्प उभं केलं. लांबी १४० फूट, उंची ४० फूट. त्यात राजे-महाराजे नव्हते, खेड्यातली साधी माणसं होती.

१९७९ मध्ये इमारतीच्या डागडुजीत हे शिल्प भिंतीवरून काढलं. सहगल यांना कुणी विचारलंही नाही. तुकडे गोदामात गेले, काही गहाळ झाले. तक्रारींचा उपयोग होईना, तेव्हा १९९२ मध्ये त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला.

शिल्प आमच्या मालकीचं, असं सरकारचं म्हणणं होतं. पण कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, की काम विकलं तरी त्यावरचं कलाकाराचं नाव आणि मान विकला जात नाही. त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर तो दाद मागू शकतो.

२००५ मध्ये निकाल सहगल यांच्या बाजूने लागला. उरलेले तुकडे परत द्या आणि ५ लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश झाला. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २००७ मध्ये ते गेले, पद्मभूषण त्यानंतर मिळालं.

गावातल्या शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या कल्पनेने चित्र काढणाऱ्यालाही हेच कलम लागू आहे.