रमाबाई पेशवे : श्रीवर्धनच्या भटांची सून, 'स्वामी'ची नायिका

हरिहरेश्वर (ता. श्रीवर्धन) : हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत, हे इकडे पोराटोरांनाही ठाऊक. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ 1713 साली पेशवे झाले, पुढे बाजीराव, मग नानासाहेब. या घरातल्या सुनांची नावं मात्र कुणी फारशी घेत नाही. अपवाद रमाबाईंचा, आणि तोही एका कादंबरीमुळे.

1753 साली पुण्यात रमाबाईंचं लग्न नानासाहेबांचे चिरंजीव माधवराव यांच्याशी झालं. नवरदेव आठ वर्षांचे, नवरी त्याहून लहान. भातुकलीच्या वयातच त्या पेशव्यांच्या घरात आल्या. 1761 च्या जानेवारीत पानिपत झालं. थोरले दीर विश्वासराव तिथेच पडले. जूनमध्ये सासरे नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांवर सगळा कारभार आला.

मग संसार असा उरलाच नाही. 1763 ला राक्षसभुवनला निजामाशी लढाई, पुढे हैदरअलीवर कर्नाटकात एकामागून एक मोहिमा, आणि घरात चुलते राघोबादादांचं भांडण. ते इतकं विकोपाला गेलं की 1768 मध्ये धोडपला पराभव करून चुलत्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावं लागलं. नवरा कधी छावणीत, कधी दरबारात. मूलबाळ झालं नाही. त्यातच माधवरावांना क्षय जडला. आज सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या फुकट मिळतात. तेव्हा पेशव्यांच्या घरीही त्यावर इलाज नव्हता.

जुन्या कागदांत माधवराव जागोजागी भेटतात, रमाबाई क्वचित. ही रिकामी जागा भरली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी. त्यांची 'स्वामी' 1962 ला आली आणि 1964 ला तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लढाया, कारस्थानं तिच्यात आहेतच, पण वाचणाऱ्याला धरून ठेवतं ते या नवराबायकोचं प्रेम. हे प्रेम बोलून दाखवायचं नाही. मोहिमेवरून परतलेल्या माणसाचा चेहरा बघून त्याचा थकवा ओळखायचा, दुखणं लपवणाऱ्यापुढे आपली काळजीही लपवायची, असं. मुंबईला कामाला असलेल्या चाकरमान्याची वाट बघणाऱ्या कोकणातल्या बाईला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे दूरदर्शनवर रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांनी हे जोडपं उभं केलं, आणि ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांच्याही घरात रमाबाई पोचल्या. यातले संवाद, घरातले प्रसंग बरेचसे लेखकाने रचलेले आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावं. कादंबरी आहे ती, बखर नव्हे.

शेवटच्या दिवसांत माधवराव थेऊरला चिंतामणीच्या देवळाशी येऊन राहिले. 18 नोव्हेंबर 1772 ला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी ते गेले. रमाबाई सती गेल्या. त्यांचं वय नवऱ्याहूनही कमी.

इथे वाचताना डोळे भरून येतात, आणि नेमकी इथेच कादंबरी थोडी फसवते. सारी कथा त्या चितेकडे अशी ओढत नेली आहे की तेच प्रेमाचं शेवटचं टोक वाटावं. पण त्याच घरात बघा. सासूबाई गोपिकाबाई नानासाहेबांमागे सती गेल्या नाहीत. पुढे नाशिकजवळ गंगापूरला राहिल्या आणि 1788 पर्यंत जगल्या. पानिपतावर हरवलेले सदाशिवरावभाऊ परततील या आशेवर पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. त्यांचं प्रेम काय कमी होतं? रमाबाईंच्या मनात त्या दिवशी काय होतं, घरच्या कुणी त्यांना मनापासून अडवलं का, हे कादंबरी सांगते ते लेखकाच्या कल्पनेतून. सतीबंदीचा कायदा यायला अजून 57 वर्षं होती.

थेऊरला मुळा-मुठेच्या काठी त्यांचं स्मारक आहे. अष्टविनायकाच्या गाड्या चिंतामणीचं दर्शन घेऊन पुढे निघतात. नदीकडे थोडेच जण उतरतात.