विश्लेषण : मोटरचा वेग कोण ठरवते? निकोला टेस्ला आणि १३३ हर्ट्झचा वाद

टेस्ला म्हटले की हल्ली इलेक्ट्रिक कार आठवते. पण निकोला टेस्ला यांची खरी कमाई आपल्या विहिरीवर, पिठाच्या गिरणीत फिरते आहे : इंडक्शन मोटर.

त्यांचा जन्म १८५६चा, आजच्या क्रोएशियातील स्मिल्यानचा. ऑस्ट्रियातील ग्राझला शिकताना त्यांनी डीसी मशीनच्या ब्रशपाशी उडणाऱ्या ठिणग्या पाहिल्या. ब्रशशिवाय मोटर चालेल, हे त्यांचे म्हणणे प्राध्यापकांनी खोडून काढले. १८८२ मध्ये बुडापेस्टला उत्तर सापडले. एकामागून एक येणारे एसी प्रवाह स्टेटरला दिले, की चुंबकीय क्षेत्रच गोल फिरते आणि रोटर त्यामागे ओढला जातो. १८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. एडिसनच्या कंपनीत काही महिने काढले, नंतर मजुरीने खड्डेही खणले. मे १८८८ मध्ये पेटंट मिळाले. (इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस यांनाही ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती.)

पेटंट वेस्टिंगहाउसने घेतले आणि पिट्सबर्गमध्ये खरी अडचण आली. कंपनीची वीज १३३ हर्ट्झची. दिव्यांना ती चालत होती, मोटरला नाही.

कारण या सूत्रात आहे : क्षेत्राचा वेग = १२० × फ्रिक्वेन्सी ÷ पोल. (परीक्षेत आम्ही हे दोन मार्कांसाठी पाठ केले होते!) चार पोलच्या मोटरला १३३ हर्ट्झ दिले तर मिनिटाला सुमारे ४,००० फेरे. टेस्ला यांना ६० हर्ट्झ हवे होते, म्हणजे १,८०० फेरे. अभियंते ऐकेनात. १८८९ मध्ये टेस्ला पिट्सबर्ग सोडून निघाले. पुढे कंपनी ६० हर्ट्झवरच आली, अमेरिकेत आजही तेच आहेत.

आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून १,५०० फेरे. मोटरच्या प्लेटवर मात्र १,४४० दिसते. रोटर क्षेत्राच्या थोडा मागे राहतो, त्याला स्लिप म्हणतात. इथे ती ४ टक्के.

मग वेग बदलायचा कसा? फ्रिक्वेन्सीच बदलायची. व्हीएफडी ड्राइव्ह एसीचे डीसी करतो आणि त्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे एसी घडवतो. २५ हर्ट्झला क्षेत्राचे ७५० फेरे. मात्र व्होल्टेजही त्याच प्रमाणात, ४१५ वरून साधारण २०७ वर आणावे लागते. नाहीतर लोखंडी गाभा संपृक्त होतो, करंट वाढतो, मोटर तापते. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला, तर वीज जवळपास निम्मीच लागते.

टेस्ला यांना हे पाहायला मिळाले नाही. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खोलीत ते एकटेच गेले. ट्रान्झिस्टर आला तो १९४७ मध्ये.