रेने लेनेक

रेने लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्समधील कँपेर गावी झाला. बालपणीच मातृछत्र हरपले; वैद्यकी करणाऱ्या चुलत्यांनी सांभाळ केला. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १८१६ मध्ये एका युवतीच्या छातीस कान लावणे त्यांना अप्रशस्त वाटले. तेव्हा कागदाची घट्ट सुरळी करून त्यांनी ठोके ऐकले. त्यातूनच लाकडी स्टेथॉस्कोप सिद्ध झाला. क्षयाने फुप्फुसांत पडणारी विवरे, वायुकोश मोडून होणाऱ्या पोकळ्या त्यांनी ध्वनीवरून ओळखल्या, शवविच्छेदनाने पडताळल्या व १८१९ मध्ये ग्रंथात वर्णिल्या. पुढे त्यांच्याच छातीत क्षयाचे तेच ध्वनी उमटले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, ४५ व्या वर्षी, ते निवर्तले. वैद्यांच्या गळ्यातील साधन हेच त्यांचे चिरंतन स्मारक होय.