मेजावरील विश्व

काचेची सुरई, फळांचे पात्र, अर्धवट घडी घातलेले वृत्तपत्र – अशा नित्याच्या वस्तूंकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. हुआन ग्रीस या स्पॅनिश चित्रकाराने मात्र आपल्या अल्प आयुष्यातील उत्तम वर्षे याच वस्तूंच्या सहवासात वेचली.

त्याचा जन्म १८८७ साली माद्रिद येथे झाला. त्याचे मूळ नाव होसे व्हिक्टोरियानो गोन्सालेस. पुढे त्याने स्वतः घेतलेल्या नावातील ‘ग्रीस’ या शब्दाचा अर्थ ‘करडा’ असा आहे. माद्रिदमध्ये तो यांत्रिक रेखन शिकला. पट्टी व कंपास यांची ती सवय त्याच्या हाताला कायमची जडली. १९०६ साली जवळचे किडूकमिडूक विकून तो पॅरिसला आला. सक्तीची लष्करी सेवा त्याने केलेली नव्हती. त्यामुळे मायदेशाची वाट त्याला बंद झाली.

मोंमार्त्र टेकडीवरील एका मोडकळीस आलेल्या लाकडी इमारतीत त्याने बिऱ्हाड केले. पाब्लो पिकासो हा त्याचा शेजारी. एकच वस्तू अनेक बाजूंनी पाहून ते सारे दर्शन एका चित्रात मांडण्याचा प्रयोग पिकासो व त्याचा मित्र ब्राक हे त्या काळी करीत होते. हाच घनवाद होय. ग्रीस मासिकांसाठी व्यंगचित्रे काढून पोट भरीत असे आणि शेजारचा हा खटाटोप मुकाट्याने न्याहाळीत असे. त्याने घाई केली नाही, हे विशेष! १९१२ साली त्याने पिकासोचे व्यक्तिचित्र प्रदर्शनात मांडले, तेव्हा त्याची स्वतंत्र दृष्टी लोकांच्या ध्यानी आली. त्याच वर्षी एका चित्रात त्याने खऱ्या आरशाचा तुकडाच चिकटवला. क्षणोक्षणी बदलणारे प्रतिबिंब रंगांनी कसे उतरवावे?

इतर चित्रकार वस्तू पाहून तिच्यातील आकार शोधीत. ग्रीसची रीत पुढे याच्या उलट झाली. तो आधी निव्वळ आकारांची जुळणी करी आणि मग त्या आकारांतून बाटली, पेला वा सतार यांसारखे एखादे तंतुवाद्य घडवी.

१९१४ साली महायुद्ध पेटले. ग्रीसची चित्रे विकत घेणारा व्यापारी कानवायलर हा जर्मन असल्याने त्याला फ्रान्समध्ये परतता येईना. त्याच्याजवळची चित्रेही सरकारने जप्त केली. ग्रीसचे उत्पन्न थांबले. मातीस या ज्येष्ठ चित्रकाराने त्याच्यासाठी खटपट केली, तरी हलाखी फारशी सरली नाही. याच काळात, १९१५ साली, त्याने आपल्या घरासमोरील चौकाचे चित्र काढले. उघड्या खिडकीबाहेर झाडे व घरे निळ्या प्रकाशात बुडालेली. आत मेजावर सुरई, बाटली, फळे आणि वृत्तपत्र. बाहेरचा निळा उजेड मेजावर उतरतो, आणि आतील व बाहेरील जग एकमेकांत मिसळून जाते. युद्धाची एकही खूण त्या चित्रात नाही. ते आज अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे.

१९२० साली कानवायलर पॅरिसला परतला. पण त्याच सुमारास ग्रीसची प्रकृती खालावू लागली. तशाही स्थितीत त्याने नृत्यनाट्यांसाठी नेपथ्य रचले आणि १९२४ साली सोर्बोन विद्यापीठात चित्रकलेवर व्याख्यान दिले. १९२७ च्या मे महिन्यात, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, पॅरिसनजीक बुलोन्य येथे मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचे निधन झाले.