लोखंडी नांगराचा माणूस

करमाळ्याला आमच्या गोठ्यामागे जुना किर्लोस्कर नांगर असे. काळ्या रानातली हराळी काढायला आजोबा त्याला तीन-चार बैलजोड्या जुंपत. मी तो विलायतीच समजत असे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येईनात म्हणून ती सुटली. पुढे बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले. रॅन्सम्ससारख्या इंग्रज कारखान्यांच्या नांगरांचा तो काळ. १९०३ साली लक्ष्मणरावांनी स्वतःचा नांगर ओतला, तर गिऱ्हाईकच नाही! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. दोन वर्षे माल पडून राहिला. त्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्याच्याजवळ एकच तुकडा, त्याने प्रयोग करायचा कशावर?

बेळगावातली जागा गेली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ आणि कर्ज दिले. निवडुंगाच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ साली लक्ष्मणराव वारले.

आमचा नांगर ट्रॅक्टर आल्यावर भंगारात गेला. फाळ तेवढा मी ठेवून घेतला.