हरून मोठा झालेला पैलवान : आंद्रे द जायंट

प्रोफेशनल रेसलिंगच्या जुन्या शौकिनांना त्यांचा सगळ्यात आवडता मोठा शो विचारला, तर एक नाव हमखास येतं : रेसलमेनिया ३. तारीख २९ मार्च १९८७, ठिकाण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं पॉन्टियाक सिल्व्हरडोम. त्या रात्री हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. होगनचं नाव घरोघरी झालं ते खरं, पण ती रात्र उभी राहिली ती खाली पडलेल्या माणसाच्या जिवावर. कारण होगनला हरवता येईल असे कितीतरी मल्ल होते. ज्याला हरवल्यावर जग थांबून बघेल असा एकच होता.

आपल्याकडे बेळगाव-कोल्हापूरच्या मातीत आधी ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच वापरला जातो. आंद्रे ज्या धंद्यात होता तिथे निकाल आधीच ठरलेला असतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरीही त्याची गोष्ट वाचण्यासारखी आहे. निकाल ठरलेला होता, पण पाठीचं दुखणं खरं होतं.

फ्रान्सच्या शेतातला पोरगा

आंद्रे रेने रुसिमॉफचा जन्म १९ मे १९४६ चा. पॅरिसच्या पूर्वेला मोलियाँ नावाचं छोटं खेडं आहे, तिथे तो वाढला. वडील बल्गेरियातून आलेले, आई पोलंडची. पाच भावंडांत तो तिसरा. घर शेतकऱ्याचं, त्यामुळे कष्ट लहानपणापासून अंगवळणी पडलेले. शाळा त्याने चौदाव्या वर्षाच्या सुमारास सोडली. हिशोबात तो बरा होता, पण शेतात राबणाऱ्याला जास्त शिकून काय करायचं, असा त्याचा सरळ विचार होता. शेतकाम झालं, सुतारकाम शिकून झालं, कारखान्यातही हात लावून झाला. यातलं काहीच फार दिवस मनाला लागलं नाही.

अंग मात्र वाढतच होतं. कपडे पुरत नव्हते, दारातून जाताना वाकावं लागत होतं. अठराव्या वर्षाच्या आसपास तो पॅरिसला आला. दिवसा सामान हलवण्याचं काम आणि संध्याकाळी कुस्तीची तालीम, असा क्रम सुरू झाला. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तो फ्रान्समध्ये जेआँ फेरे या नावाने लढायला लागला. त्या वयात तो चपळ होता. दोन्ही पायांनी हवेत उडी घेऊन लाथ मारायचा, दोरांवरून झेप घ्यायचा. पुढे अमेरिकेत ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांना हे सांगितलं तर खरं वाटलं नसतं.

जपानच्या डॉक्टरांनी सांगितलेलं

१९७० मध्ये तो जपानला गेला. तिथे त्याचं नाव मॉन्स्टर रुसिमॉफ. याच जपानी मुक्कामात त्याच्या शरीराचं गुपित डॉक्टरांच्या लक्षात आलं. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाढीचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त सोडत होती. या आजाराला ॲक्रोमेगली म्हणतात. हात-पाय, जबडा, कपाळ वाढत राहतं. बाहेरून माणूस बलदंड दिसतो आणि आतून हृदय, सांधे, मणके यांच्यावर ताण येत जातो. उपचार झाले नाहीत तर आयुष्य कमी होतं.

त्याने शस्त्रक्रिया करून घेतली नाही. ज्या वाढीमुळे त्याला पोट भरता येत होतं, तीच वाढ त्याचा जीव घेणार होती. व्यापाराच्या भाषेत सांगायचं तर शरीर हेच त्याचं भांडवल, आणि त्या भांडवलाची झीज दर वर्षी वाढत होती. ही गोष्ट तो लोकांसमोर फारशी काढत नसे. उरलेल्या वेळात भरपूर खायचं, प्यायचं, मित्रांना खिलवायचं आणि बिल दुसऱ्याला देऊ द्यायचं नाही, हा त्याचा खाक्या. तो एका बैठकीत किती बिअर प्यायचा यावर इतक्या दंतकथा आहेत, की त्यातली खरी कुठली हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

उसना देण्याचा हिशोब

जपाननंतर कॅनडातलं मॉन्ट्रियल. तिथे सुरुवातीला तुफान गर्दी झाली, आणि मग ओसरली. कारण साधं होतं. तो सगळ्यांनाच हरवायचा. पुढची जोड कुणाशी लावायची? आणि रोज रोज दिसणाऱ्या राक्षसाचं नवल किती दिवस राहणार?

हे कोडं न्यूयॉर्कच्या व्हिन्स मॅकमहन सीनियरने सोडवलं. १९७३ मध्ये आंद्रे त्याच्याकडे आला आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरला. जेआँ फेरे मागे पडलं, आंद्रे द जायंट हे नाव कायमचं चिकटलं. मॅकमहनने दोन गोष्टी केल्या. पहिली, उड्या मारणं बंद करायला लावलं. एवढा मोठा माणूस खांबासारखा उभा राहिला पाहिजे, म्हणजे तो आणखी मोठा दिसतो. दुसरी, त्याला एका गावात फार दिवस ठेवायचं नाही. त्या काळी अमेरिकेत प्रत्येक प्रदेशाचा कुस्तीचा ठेकेदार वेगळा असायचा. आंद्रेला काही दिवसांसाठी एकेकाकडे उसना द्यायचा आणि त्याची रक्कम घ्यायची, अशी व्यवस्था लागली. माल रोज दिसला की भाव उतरतो, हे बाजारातलं साधं तत्त्व.

ते चाललंही. १९७४ मध्ये गिनीज बुकने त्याची जगातला सर्वाधिक कमाई करणारा रेसलर म्हणून नोंद केली. पण त्या कमाईमागे वर्षभराचा प्रवास होता. विमानाच्या शौचालयात तो मावत नसे. हॉटेलचा पलंग, गाडीची सीट, टेलिफोनची चकती, सगळं जग दुसऱ्याच मापाचं. रस्त्यावर लोक बोट दाखवायचे, हसायचे. रिंगमध्ये तेच लोक टाळ्या वाजवायचे. लग्न त्याने केलं नाही. एक मुलगी होती, पण सततच्या फिरतीत बाप-लेकीच्या भेटी मोजक्याच झाल्या.

पडद्यावरची कुस्ती

पे-पर-व्ह्यू येण्याआधी मोठ्या लढती थिएटरात किंवा सभागृहात पडदा लावून, तिकीट काढून दाखवल्या जात. २५ जून १९७६ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये आंद्रेने चक वेपनर या हेवीवेट बॉक्सरला तिसऱ्या फेरीत दोरांवरून बाहेर फेकलं. त्याच कार्यक्रमात टोकियोहून मुहम्मद अली विरुद्ध अँटोनियो इनोकी ही लढत पडद्यावर दाखवली गेली. हाच इनोकी त्याच वर्षी कराचीत गामा पैलवानाचा पुतण्या अक्रम याच्याशी लढला होता, हे कुस्तीवाल्यांना आठवत असेल.

पुढे १९८२ मध्ये मॅकमहनच्या मुलाने, धाकट्या व्हिन्सने, वडिलांकडून कंपनी विकत घेतली आणि प्रदेशांची जुनी वाटणीच मोडून काढली. देशभर एकच कंपनी, टीव्हीवर तीच आणि मोठ्या शोची वेगळी फी. केबलचं महिन्याचं भाडं भरलेलं असलं तरी त्या एका रात्रीसाठी वेगळे पैसे मोजायचे, म्हणजे पे-पर-व्ह्यू. घरात बसलेला माणूस खिशात हात घालील, असं काहीतरी दाखवणं आलं. ३१ मार्च १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियात आंद्रेने बिग जॉन स्टडला उचलून आपटलं आणि १५ हजार डॉलरची पैज जिंकली. वर्षभराने शिकागोत रेसलर आणि फुटबॉल खेळाडूंच्या झुंडीत तोच शेवटपर्यंत उभा राहिला.

ती रात्र

१९८६ पर्यंत शरीर कुरकुरू लागलं होतं. इंग्लंडमध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. त्याच सुमारास त्याने द प्रिन्सेस ब्राइड या चित्रपटात फेझिक नावाच्या भल्या राक्षसाची भूमिका केली. तिथेही नायिकेला हातांत झेलायच्या दृश्यात तिला तारांनी वरून पेलून धरावं लागलं, इतकी पाठ नाजूक झाली होती. बाकीच्यांना तो डोंगर वाटत होता, आणि त्याला एका बाईचं वजन पेलवत नव्हतं.

अशा अवस्थेत रेसलमेनिया ३ ची कथा रचली गेली. इतकी वर्षं लोकांचा लाडका असलेला आंद्रे मित्रावर उलटला, बॉबी हीनन या कपटी मॅनेजरच्या बाजूला गेला. १५ वर्षं तो हरलेला नाही आणि त्याला कुणी उचललेलं नाही, असं लोकांना सांगण्यात आलं. खरं तर १९८४ मध्ये मेक्सिकोत कानेककडून आणि १९८६ मध्ये जपानात इनोकीकडून तो हरला होता. खुद्द होगननेच १९८० मध्ये शे स्टेडियममध्ये त्याला एकदा उचललं होतं, जरी ती लढत आंद्रेने जिंकली. पण तेव्हा इंटरनेट नव्हतं, आणि लोकांनाही विश्वास ठेवायचा होता.

सिल्व्हरडोममध्ये ९३,१७३ प्रेक्षक आल्याचं कंपनीने जाहीर केलं. अभ्यासकांच्या मते खरा आकडा ७८ हजारांच्या आसपास होता. कमी धरला तरी डोकी मोजायला दिवस जाईल एवढी गर्दी. आंद्रे जाहिरातीप्रमाणे ७ फूट ४ इंच, ५२० पौंड. अंगातल्या काळ्या पोशाखाखाली पाठीला पट्टा बांधलेला. होगनने नंतर वेळोवेळी सांगितलं आहे, की आंद्रे खरोखर हरणार की ऐन वेळी मन बदलणार याची त्याला शेवटपर्यंत खात्री नव्हती. आणि आंद्रेच्या मनात नसतं, तर त्याला उचलणं कुणाच्याही बापाला जमलं नसतं.

लढत १२ मिनिटांच्या आसपास चालली. डाव म्हणाल तर फारसे नाहीत. बराच वेळ आंद्रे होगनला मिठीत आवळून उभा आहे, एवढंच दिसतं. त्याच रात्री झालेली सॅव्हेज आणि स्टीमबोटची लढत कितीतरी सरस होती, हे शौकीन आजही सांगतात. मग होगनने त्याला उचललं, खाली टाकलं, वरून पाय मारला आणि तीन मोजले गेले. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या मल्लाने आपलं सगळं नाव एका रात्रीत दुसऱ्याच्या स्वाधीन केलं. आपल्या तालमीत वस्ताद पट्ट्याला मोठा करतो, तसंच काहीसं.

हरल्यानंतरची किंमत

त्या हारीवर कंपनीने पुढची इमारत चढवली. २६ नोव्हेंबर १९८७ ला पहिली सर्व्हायव्हर सिरीज झाली, त्यात शेवटी उभा राहिला आंद्रे. ५ फेब्रुवारी १९८८ ला एनबीसी वाहिनीवर होगनशी फेरलढत झाली. ती अमेरिकेत ३ कोटी ३० लाख लोकांनी पाहिली. जुळ्या पंचांची बनवाबनवी होऊन आंद्रे जिंकला आणि पट्टा लगेच टेड डिबियासीच्या हवाली केला. ऑगस्ट १९८८ मध्ये पहिला समरस्लॅम झाला, त्याच्या मुख्य लढतीतही तो होताच. आज चाहते ज्या वार्षिक शोंची नावं पाठ म्हणतात, त्यातल्या बहुतेकांच्या पायात आंद्रेचा दगड आहे.

तोवर त्याला दोर धरल्याशिवाय नीट उभं राहता येत नव्हतं. १ एप्रिल १९९० ला टोरांटोत रेसलमेनिया ६ झाली. आंद्रे आणि हाकू यांची जोडी हरली, हीननने त्याच्या थोबाडीत मारली, आणि आंद्रेने त्याला तिथेच झोडपला. प्रेक्षक उठून उभे राहिले. तीन वर्षं ज्याच्या नावाने शिव्या दिल्या, तो त्यांना परत मिळाला. त्यानंतर अमेरिकेतल्या रिंगणात तो फारसा उतरला नाही. समरस्लॅम १९९१ ला तो आला तेव्हा हातात कुबड्या होत्या. शेवटच्या लढती डिसेंबर १९९२ मध्ये जपानात झाल्या.

जानेवारी १९९३ मध्ये वडील वारले म्हणून तो फ्रान्सला गेला. अंत्यविधी झाला, आईजवळ काही दिवस राहिला. महिनाअखेरीस पॅरिसच्या हॉटेलात रात्री झोपेतच त्याचं हृदय थांबलं. वय ४६. जपानच्या डॉक्टरांचा अंदाज चुकला नव्हता.

त्याच वर्षी कंपनीने हॉल ऑफ फेम सुरू केलं. पहिल्या वर्षी त्यात एकच नाव होतं. २०१४ च्या रेसलमेनियापासून त्याच्या नावाने झुंडीची लढत सुरू झाली. पहिली जिंकणाऱ्या सेझारोने बिग शोसारखं धूड दोरांवरून उचलून बाहेर टाकलं, तेव्हा स्टेडियममधल्या जुन्या प्रेक्षकांना सिल्व्हरडोम आठवलं असणार. भारतातल्या घरांत केबलवरून हे रेसलिंग पोचलं ते नव्वदच्या दशकात. म्हणजे आपल्याकडच्या पोरांनी होगन आणि अंडरटेकर पाहिले, आंद्रे मात्र बहुतेकांना जुन्या चित्रफितींतूनच भेटला.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एलर्बी गावाजवळ त्याचं एक शेत होतं. गुरं पाळायची, गाडीवरून रपेट मारायची, गावातल्या लोकांशी गप्पा मारायच्या. तिथे त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नसे. शेतकऱ्याचा पोरगा जगभर फिरून पुन्हा शेतातच येऊन थांबला होता. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा त्याच जमिनीवर विखुरण्यात आली.