शेळीच्या शास्त्रीय नावापासून चाकणच्या माशापर्यंत

चाकणच्या बाजारात विकली जाणारी शेळी प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत ‘कॅप्रा हिर्कस’ या नावाने नोंदलेली आहे. लॅटिन भाषेत कॅप्रा म्हणजे शेळी आणि हिर्कस म्हणजे बोकड. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये लोकांच्या तोंडचे हे दोन जुने शब्द जोडून तिला शास्त्रीय नाव दिले. हिमालयातील आयबेक्स आणि मारखोर हे तिचे रानटी भाऊबंदही ‘कॅप्रा’ याच प्रजातीत मोडतात. लिनियस यांची ही नामपद्धती हाती घेऊन दख्खनचे प्राणी नोंदवणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव अग्रभागी आहे.

साइक्स यांचा जन्म १७९० चा. चौदा वर्षांचे होण्याआधीच, १८०३ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेत दाखल झाले. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते. पुढे हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा शिकून ते दुभाषी झाले. १८१७ मध्ये खडकी आणि पुणे येथील ज्या लढायांनी पेशवाई मोडकळीस आली, त्यांत ते देशी शिपायांचे नेतृत्व करीत होते.

१८२० मध्ये ते युरोपला गेले आणि १८२४ मध्ये परतले. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर नव्याने जिंकलेल्या मुलखाची सांख्यिकी माहिती जमवण्याची जबाबदारी सोपवली. लोकसंख्या, पिके, जमीन, हवामान या साऱ्यांची मोजदाद राज्यकर्त्यांना कारभारासाठी हवी होती. गावोगाव फिरताना साइक्स यांनी पशुपक्षी आणि मासेही टिपले. डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने हे पद रद्द केले, तरी त्यांनी विनावेतन काम चालू ठेवले आणि जानेवारी १८३१ मध्ये ते पूर्ण करूनच मायदेश गाठला.

त्याच वर्षी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची त्यांची यादी आली. तीत घरगुती शेळीलाही जागा होती. उंच पायांची, लांब केसांची, बहुधा काळी आणि लोंबत्या कानांची शेळी त्यांनी नोंदवली. मेंढपाळांच्या कळपांवर टपणाऱ्या लांडग्याला त्यांनी ‘पॅलिपीस’ हे नाव दिले, तर कोळसुंद्याला दख्खनवरून ‘दुखुनेन्सिस’. साइक्स यांनी या दोन्ही स्वतंत्र जाती मानल्या होत्या. पुढे त्या उपजाती ठरल्या, पण त्यांनी दिलेली नावे टिकली.

त्यांच्या कामाचे खरे वेगळेपण माशांच्या नावांत दिसते. १८३९ मध्ये मारखोरला ह्यू फाल्कनर या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या आडनावावरून ‘फाल्कनेरी’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी साइक्स यांचे दख्खनच्या माशांवरील लेखन प्रसिद्ध झाले. त्यातील अनेक जातींना त्यांनी स्थानिक लोकांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. मळ्या मासा ‘मुल्या’ झाला, मुळा-मुठेतील महाशीर ‘खुद्री’ झाला. चाकणजवळच्या इंद्रायणीत आढळलेला, नाकाडाच्या जागी विचित्र उंचवटा असलेला मासा ‘नुक्ता’ या नावाने जगाला ठाऊक झाला. ही नावे सांगणाऱ्यांची नावे मात्र शास्त्राच्या वहीत चढली नाहीत.

पुढे साइक्स यांचा लौकिक वाढत गेला. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते. १८५६ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचे खासदार राहिले. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज इंद्रायणीच्या काठी कारखाने आणि वसाहती दाटल्या आहेत, आणि नदीच्या प्रदूषणाच्या तक्रारी नित्याच्या झाल्या आहेत. शेळी माणसाच्या आश्रयाने जगभर पसरली. नुक्त्याला तसा आश्रय नाही. त्याची गणना आता धोक्यात आलेल्या जातींमध्ये होते. चाकणजवळच्या इंद्रायणीची ओळख जगाच्या प्राणिशास्त्रात या माशामुळे आहे. त्याचे मराठी नाव ग्रंथांत सुरक्षित आहे. मासा राखायचा तर नदी राखावी लागेल.